दृष्टिप्रक्रिया, मेंदूतील

डोळ्यात शिरलेल्या प्रकाशामुळे जालपटलावर (डोळ्याच्या आतील मागच्या बाजूच्या प्रकाशसंवेदी पडद्यावर) तंत्रिका-संदेश उत्पन्न होतात. त्यांवरून वस्तूचा आकार, रंग, अंतर, गती व ओळख यांचे ज्ञान करून देणाऱ्या मेंदूतील क्रियांना समुच्चयाने दृष्टिप्रक्रिया म्हणतात. डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी करण्याचा प्रघात आहे. भिंग व पडदा यांपुरती ती योग्य असली, तरी त्यापुढे ती दिशाभूल करते. कारण कॅमेऱ्यात उमटलेले चित्र पाहणारा कोणी दुसरा असतो, मेंदूत मात्र तसा कोणी प्रेक्षक बसलेला नसतो. जे दिसते ते मेंदूने तुटक संदेशांवरून रचलेले असते आणि ही रचना करण्याची कला त्याला जन्मानंतर पुष्कळ अंशी शिकावी लागते. त्यामुळे डोळे पूर्णपणे निर्दोष असूनही मनुष्य आंधळा असू शकतो. उलट डोळे शस्त्रक्रियेने दुरुस्त झाले, तरी त्याला लगेच नीट दिसू लागते असे नाही. प्रस्तुत नोंदीत या प्रक्रियेचे आणि दृष्टी गेल्यानंतर मेंदूच्या आधारे ती कितपत परत मिळू शकते याचे विवेचन केले आहे. डोळ्याची रचना व त्याचे रोग यांची माहिती अन्यत्र दिली आहे [→ डोळा].

संदेशांचा मार्ग : मानवी जालपटलात मंद प्रकाशात कार्य करणाऱ्या सु. १२ कोटी शलाका आणि रंग व बारकावे टिपणारे सु. ६० लाख शंकू असतात. याउलट प्रत्येक डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृक्-तंत्रिकेत अवघे १० ते १२ लाख तंतू असतात. यावरून संदेशांची निवड व संक्षेप यांना डोळ्यातच प्रारंभ होतो, हे उघड आहे. एकसारख्या उजळलेल्या भिंतीविषयी जालपटल फारसे काही कळवीत नाही. भिंतीची कड, तिच्यावरील डाग किंवा तिच्यावरून चालणारी पाल यांविषयी मात्र ते तत्काळ कळविते.

दोन्ही दृक्-तंत्रिका मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. त्या ठिकाणी (दृक्-व्यत्यासात) प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडील अर्ध्या जालपटलातून आलेले तंतू विरुद्ध बाजूस ओलांडून जातात व कानशिलाकडील तंतू त्याच बाजूस राहतात. परिणामी समोरच्या दृश्याचा उजवा अर्धा भाग, मग तो कोणत्याही डोळ्याने पाहिलेला असो, मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाकडे जातो आणि डावा भाग उजव्याकडे. ही मांडणी ध्यानात घेतली म्हणजे व्यवहारात नेहमी आढळणाऱ्या एका घोटाळ्याचा उलगडा होतो. मेंदूच्या डाव्या बाजूस रक्तपुरवठा खंडित झालेला रुग्ण पुष्कळदा ‘उजवा डोळा गेला’ अशी तक्रार करतो. वास्तविक दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राचा उजवा अर्धा भाग गेलेला असतो. एकेक डोळा आळीपाळीने झाकून पाहिल्यास हा भेद घरच्या माणसांच्याही लक्षात येऊ शकतो. या विकाराला अर्धांधत्व म्हणतात.

व्यत्यासानंतर बहुतेक तंतू थॅलॅमसातील पार्श्व जानुक पिंडात संपतात. हे पिंड सहा थरांचे असते व प्रत्येक थराला एकाच डोळ्याचे तंतू मिळतात. येथे येणाऱ्या एकूण तंतूंपैकी डोळ्याकडून आलेल्यांची संख्या अल्प असून मेंदूच्या बाह्यकाकडून (बाहेरील करड्या थराकडून) उलट दिशेने आलेले तंतू पुष्कळच अधिक असतात; म्हणजे डोळ्याने काय कळवावे यावर मेंदूचे नियंत्रण वाटेतच चालू असते. येथून निघणारे तंतू डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या पश्चकपाल खंडात पोहोचतात. सु. एक-दशांश तंतू मात्र या मार्गाने न जाता मध्यमेंदूतील एका जुन्या केंद्राकडे (ऊर्ध्व पिंडिकेकडे) वळतात. मासे व बेडूक यांच्यात हेच दृष्टीचे प्रमुख केंद्र असते. मानवात ते डोळे एखाद्या गोष्टीकडे चटकन वळविण्याचे काम करते. त्याचे आणखी एक महत्त्व पुढे येईल.

बाह्यकातील नकाशा : दृष्टीचे केंद्र मेंदूच्या मागील भागात आहे, असे जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक हेर्मान मुंक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुत्र्यांवरील प्रयोगांवरून दाखविले होते. मानवी मेंदूतील नकाशा मात्र प्रयोगशाळेत नव्हे, तर रणांगणावर तयार झाला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन सैन्याच्या नव्या बंदुकीच्या गोळ्या लहान व अतिशय वेगवान होत्या. त्या कवटीच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडत व वाटेवरील भागापलीकडे फारशी नासधूस करीत नसत. त्यामुळे सैनिक जगत. अशा सैनिकांची दृष्टी किती गेली हे ठरवून निवृत्तिवेतनाची शिफारस करण्याचे काम तात्सुजी इनोउए या तरुण जपानी नेत्रवैद्याकडे होते. गोळी शिरल्याची व बाहेर पडल्याची जागा मोजून त्यांनी तिचा मेंदूतील मार्ग निश्चित केला आणि त्या मार्गाची सैनिकाच्या दृष्टिक्षेत्रातील आंधळ्या भागाशी तुलना केली. २९ सैनिकांच्या तपासणीवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स यांनी ब्रिटिश सैनिकांवर असेच काम केले व १९१६ ते १९१८ या काळात अधिक काटेकोर नकाशा दिला.

या नकाशाची दोन वैशिष्ट्ये आहेत. दृश्यात शेजारी असलेले बिंदू बाह्यकातही शेजारीच असतात. परंतु प्रमाण मात्र सारखे नसते. दृष्टीच्या ऐन मध्यभागी असलेल्या थोड्या अंशांना, म्हणजे ज्या भागाने आपण अक्षरे वाचतो व चेहरे न्याहाळतो त्याला, प्राथमिक दृष्टिबाह्यकाचा जवळजवळ निम्मा भाग मिळालेला असतो. कडेच्या विस्तीर्ण क्षेत्राची बोळवण उरलेल्या भागात केलेली असते.

या बाह्यकातील एकेक कोशिका काय करते, हे डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टेन व्हीझेल यांनी १९५८ पासून अमेरिकेत केलेल्या प्रयोगांनी उघड झाले. मांजराच्या बाह्यकात सूक्ष्म विद्युत् अग्र घालून ते त्याच्या डोळ्यापुढे काचपट्टीवरील ठिपके दाखवीत होते. ठिपक्यांना कोशिका दाद देत नव्हती. काचपट्टी यंत्रात सरकविताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली आणि कोशिकेने संदेशांचा भडिमार सुरू केला. तिला ठिपका नको होता, ठराविक दिशेने कललेली रेषा हवी होती. शेजारच्या कोशिकांना थोड्या वेगळ्या कलाची रेषा लागते व असे सर्व कल क्रमाने मांडलेले असतात, असे पुढे आढळून आले. या दोघांना १९८१ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक रॉजर स्पेरी यांच्यासमवेत मिळाले.

कार्यविभागणी व विशिष्ट लोप : प्राथमिक दृष्टिबाह्यकापासून पुढे माहिती अनेक क्षेत्रांत वाटली जाते, माकडाच्या मेंदूत अशी तीसहून अधिक क्षेत्रे ओळखण्यात आली आहेत. स्थूलमानाने त्यांचे दोन प्रवाह मानतात. कानशिलालगतच्या शंखखंडाकडे जाणारा खालचा प्रवाह ‘हे काय आहे’ याचा निर्णय करतो. डोक्याच्या वरच्या बाजूकडील पार्श्वखंडाकडे जाणारा प्रवाह वस्तू कोठे आहे व तिच्याकडे हात कसा न्यावा हे ठरवितो. ही विभागणी पूर्णतः काटेकोर नाही, पण मेंदूच्या इजांचे स्वरूप समजण्यास ती फार उपयुक्त ठरली आहे.

विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूमुळे खालच्या प्रवाहाला इजा झालेली डी. एफ्. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक स्त्री समोरच्या फटीचा कल सांगू शकत नसे; पण त्याच फटीत पत्र टाकावयास सांगितले असता तिचा हात अचूक वळे. याउलट जर्मनीतील एल्. एम्. या स्त्रीच्या बाबतीत १९८३ मध्ये असे नोंदविण्यात आले, की तिला रंग व आकार नीट दिसत, परंतु गती दिसत नसे. चहा ओतताना तो तिला गोठल्यासारखा दिसे व कप केव्हा भरला ते कळत नसे. दूर दिसलेली मोटारगाडी एकदम जवळ आलेली आढळत असल्यामुळे रस्ता ओलांडणे तिला अशक्य झाले होते. काही रुग्णांना इतर सर्व दिसत असून चेहरे मात्र ओळखता येत नाहीत. आवाज ऐकेपर्यंत पत्नीही परकी वाटते. या विकाराचे नाव १९४७ मध्ये योआखिम बोडामर यांनी रूढ केले. सर्वांत चमत्कारिक प्रकार गाब्रीएल आंतोन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्णिलेला होय. यात दोन्ही पश्चकपाल खंड निकामी होऊन रुग्ण पूर्ण आंधळा झालेला असतो, पण आपण आंधळे आहोत हे त्याला मान्य नसते. तो समोरच्या माणसाच्या पोशाखाचे खुशाल वर्णन करतो, भिंतीवर आदळतो आणि खोलीत उजेड कमी असल्याची सबब सांगतो. हा खोटेपणा नसून, दिसत नाही हे कळण्यासाठीही मेंदूचा जो भाग शाबूत असावा लागतो तो नाहीसा झाल्याचे हे लक्षण आहे.

पाहण्यास शिकणे : ह्यूबेल व व्हीझेल यांनी १९६३ मध्ये मांजराच्या पिल्लाची एक पापणी जन्मानंतर लवकरच शिवून टाकली व काही आठवड्यांनी उघडली. डोळा निर्दोष होता, पण त्या डोळ्याने पिल्लाला दिसत नव्हते. त्याच्या वाट्याची बाह्यकातील जागा दुसऱ्या डोळ्याने बळकावली होती. प्रौढ मांजराची पापणी याहून कितीतरी अधिक काळ बंद ठेवली तरी असे होत नाही. यावरून जन्मानंतरच्या ठराविक अवधीत (संवेदनक्षम कालखंडात) मेंदूची घडण डोळ्यांकडून येणाऱ्या अनुभवावर अवलंबून असते, हे सिद्ध झाले.

मुलांच्या संगोपनाशी या निष्कर्षाचा निकटचा संबंध आहे. मुलाचा एक डोळा तिरळा असला, एकाच डोळ्याचा चष्म्याचा नंबर मोठा असला किंवा त्यात मोतीबिंदू असला, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारा संदेश दडपून टाकतो व डोळा मंद होतो. चांगला डोळा रोज काही काळ झाकून मंद डोळ्याला कामाला लावणे हा यावरील उपाय असून तो फ्रेंच निसर्गवैज्ञानिक ब्यूफाँ यांनी १७४३ मध्येच सुचविला होता. सात वर्षांच्या आत त्याचा गुण सर्वांत चांगला येतो. त्यानंतर उपचार निरर्थक असतात, असे पूर्वी मानीत. परंतु बारा वर्षांपर्यंतच्या व काही प्रमाणात त्याहून मोठ्या मुलांतही सुधारणा होते, असे या शतकातील चाचण्यांवरून दिसून आले आहे. जन्मजात दाट मोतीबिंदूच्या बाबतीत मात्र वेळेचा हिशेब वर्षांचा नसून आठवड्यांचा आहे. एका डोळ्यात असल्यास सु. सहा आठवड्यांच्या आत व दोन्ही डोळ्यांत असल्यास सु. आठ ते दहा आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर दृष्टी चांगली घडते. तान्ह्या मुलाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास ‘मूल मोठे होऊ दे, मग पाहू’ असे म्हणणे या कारणाने घातक ठरते.

मोठेपणी लाभलेली दृष्टी : आयर्लंडमधील विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक प्रश्न विचारला. जन्मांध मनुष्याला घन व गोल यांतील फरक स्पर्शाने ठाऊक आहे. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता केवळ पाहून तो कोणता घन व कोणता गोल हे सांगू शकेल काय? मॉलिन्यू यांची पत्नी अंध होती, ही गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. लॉक यांनी हा प्रश्न आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत घातला आणि मॉलिन्यू यांच्याप्रमाणेच नकारार्थी उत्तर दिले. १७२८ मध्ये लंडन येथील शल्यचिकित्सक विल्यम चेझल्डन यांनी सु. तेरा वर्षांच्या एका मुलाचा मोतीबिंदू काढल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या मुलाला सर्व वस्तू डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटत. मांजर व कुत्रे यांतील फरक तो पुन:पुन्हा विसरे. म्हणून मांजराला हाताने चाचपून नीट निरखून ठेवी.

विसाव्या शतकातील एक उदाहरण अधिक बोलके व काहीसे दु:खद आहे. बाल्यावस्थेत दृष्टी गेलेल्या एस्. बी. या इंग्लिश गृहस्थाला वयाच्या बावन्नाव्या वर्षी स्वच्छमंडलाचे कलम करून दृष्टी मिळाली. रिचर्ड ग्रेगरी व जीन वॉलेस यांनी त्याचा अभ्यास करून १९६३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंधशाळेत स्पर्शाने शिकलेली मोठी रोमन अक्षरे व घड्याळातील वेळ त्याला पाहून लगेच ओळखता आली. स्पर्शाने न शिकलेली लहान अक्षरे मात्र वाचता आली नाहीत. वस्तुसंग्रहालयातील लेथ यंत्र त्याला काचेतून समजेना. हात फिरविल्यावरच ते दिसू लागले, असे तो म्हणाला. अंधपणी निर्धास्तपणे रस्ता ओलांडणारा हा मनुष्य दृष्टी आल्यावर वाहनांना भिऊ लागला. तो संध्याकाळी दिवा न लावता बसे व उदास होत गेला. १९६० मध्ये त्याचे निधन झाले. दृष्टी मिळणे ही प्रत्येक वेळी निर्भेळ आनंदाची घटना असते, या समजुतीला या वृत्तांताने धक्का दिला.

मॉलिन्यू यांच्या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर मिळण्यास तीन शतके लागली आणि ते भारतात मिळाले. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या ‘प्रकाश’ या प्रकल्पात उत्तर भारतातील जन्मांध मुलांवर दिल्ली येथे शस्त्रक्रिया केल्या जातात व त्यानंतर त्यांच्या दृष्टीचा विकास अभ्यासला जातो. श्रीमंत देशांत असा मोतीबिंदू तान्हेपणीच काढला जातो. त्यामुळे आठ-दहा वर्षे अंधत्वात काढलेली मुले तेथे क्वचितच आढळतात. शास्त्राला मिळालेली ही संधी म्हणजे वस्तुतः आपल्या आरोग्यसेवेतील उणिवेचेच दुसरे नाव आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लवकरच एक ठोकळा हातात दिला व नंतर दोन ठोकळे दाखवून त्यांतील कोणता हाती होता असे विचारले. पाहिलेला ठोकळा पाहून ओळखण्यात व चाचपलेला चाचपून ओळखण्यात ती मुले नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ठरली. चाचपलेला ठोकळा पाहून ओळखण्यात मात्र त्यांचे उत्तर अंदाजाहून फारसे चांगले नव्हते. लॉक यांचे उत्तर बरोबर ठरले. पण काही दिवसांतच, कोणतेही खास शिक्षण न देता, ही क्षमता त्यांच्यात आली, हा भाग लॉक यांच्या उत्तरापेक्षा महत्त्वाचा होय.

याच प्रकल्पातील इतर निरीक्षणांनी जुनी मते दोन्ही बाजूंनी सैल केली. एकमेकांवर आलेल्या स्थिर आकृत्या या मुलांना प्रथम वेगळ्या करता येत नाहीत; सावली, रंगातील फरक व वस्तूची कड त्यांना सारखीच वाटते व चित्राचे असंख्य तुकडे होतात. परंतु वस्तू हलू लागली, की तिचे सर्व भाग एकत्र सरकतात आणि ती पार्श्वभूमीपासून सुटी दिसते. गतीच्या या आधाराने मुले हळूहळू स्थिर वस्तूही ओळखू लागतात. दृष्टीची तीक्ष्णता बहुधा कायमची कमी राहते, मात्र चेहरे व वस्तू ओळखण्याची क्षमता अनेक महिने वाढत जाते. याच्या उलट, काही दृष्टिभ्रम (उदा., बाणाच्या टोकांमुळे सारख्या रेषा लहानमोठ्या भासणे) या मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेचच होतात, असे २०१५ मध्ये आढळले; तेव्हा सर्वच काही अनुभवाने शिकावे लागते, असेही नाही.

आघातानंतरची सुधारणा : प्रौढपणी मेंदूजन्य दृष्टिनाशाचे सर्वसामान्य कारण म्हणजे मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत अडथळा येणे. डोक्यास मार बसणे, अर्बुद व रक्तस्राव ही इतर कारणे होत. सूज ओसरते व अर्धमेल्या कोशिका सावरतात त्या काळात, म्हणजे पहिल्या एक ते तीन महिन्यांत, दृष्टी आपोआप सुधारण्याचा संभव अधिक असतो. सहा महिन्यांनंतर आपोआप होणारी सुधारणा क्वचित आढळते.

गेलेल्या भागातही काही शिल्लक असते, याचा पहिला पुरावा जॉर्ज रिडॉक यांनी १९१७ मध्ये दिला. पश्चकपाल खंडास जखम झालेल्या काही सैनिकांना आंधळ्या भागात वस्तू दिसत नसे, परंतु काहीतरी हलले हे कळे. १९७४ मध्ये लॉरेन्स वाइसक्रान्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी डी. बी. या रुग्णाविषयी लिहिले. त्याच्या उजव्या दृष्टिबाह्यकाचा भाग शस्त्रक्रियेने काढावा लागला होता. डाव्या बाजूस आपल्याला काहीच दिसत नाही असे तो सांगे; तरीही ‘अंदाजाने बोट दाखवा’ असे म्हटले असता तो तेथील प्रकाशबिंदूकडे बहुधा अचूक बोट दाखवी. आपली उत्तरे बरोबर आहेत हे ऐकून त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटले. या ‘अंध दृष्टी’चे कारण म्हणजे मध्यमेंदूकडे व थॅलॅमसातून थेट पुढील क्षेत्रांकडे जाणारे, प्राथमिक बाह्यकाला वगळणारे मार्ग होत. २००८ मध्ये वर्णिलेला एक रुग्ण, ज्याचे दोन्ही बाजूंचे दृष्टिबाह्यक निकामी झाले होते, अडथळे मांडलेल्या बोळातून काठीविना एकाही वस्तूला न धडकता चालत गेला.

ही शिल्लक सरावाने वाढविता येईल काय, हा वादाचा विषय आहे. आंधळ्या भागात हलणारे ठिपके दाखवून त्यांची दिशा ओळखण्याचा रोज अनेक महिने सराव केल्यास त्या ठिकाणची जाणीव सुधारते, असे काही रुग्णांत दिसले आहे. मात्र ही सुधारणा सराव केलेल्या जागेपुरती असते. आंधळा भागच आकसतो, असे दावे काही उपचारपद्धतींनी केले होते. तपासणीच्या वेळी डोळा स्थिर आहे याची काटेकोर खात्री केली असता ते बहुतांशी टिकले नाहीत. रुग्ण नकळत डोळे आंधळ्या बाजूकडे वळविण्यास शिकलेले होते.

हे वळविणेच वस्तुतः व्यवहारात सर्वांत उपयोगी पडते. डोळ्यांची मोठी झेप मुद्दाम आंधळ्या बाजूकडे टाकून तिकडून शोध सुरू करण्याचे शिक्षण दिल्यास रस्त्यावर वावरणे व वस्तू शोधणे यांत निश्चित सुधारणा होते. वाचनाची अडचण बाजूनुसार वेगळी असते. देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचली जाते. म्हणून उजवी बाजू गेलेल्या वाचकाला पुढचा शब्द दिसत नाही व तो अडखळतो, तर डावी बाजू गेलेल्याला पुढील ओळीचा प्रारंभ सापडत नाही. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाने समासावर बोट किंवा पट्टी ठेवल्यास बरेच काम भागते. अर्धांधत्वापासून उपेक्षा हा विकार वेगळा ओळखणे आवश्यक आहे. उजव्या पार्श्वखंडाच्या इजेत रुग्णाचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. जेवताना तो पानातील उजवीकडची भाजी-आमटी संपवितो. मीठ, लिंबू, चटणी व कोशिंबीर तशीच राहते आणि त्याविषयी विचारले तरी वाढलीच नव्हती असे त्याला वाटते. अर्धांध रुग्ण आपली उणीव जाणून मान वळवितो, उपेक्षाग्रस्त वळवीत नाही.

दृष्टी कमी झालेल्या वृद्धांत आढळणाऱ्या एका लक्षणाचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण त्यासंबंधी घरोघर गैरसमज असतात. जिनीव्हाचे निसर्गवैज्ञानिक शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांविषयी लिहिले, की मोतीबिंदूने दृष्टी गेलेली असताना त्यांना माणसे, पक्षी, गाड्या व इमारती दिसत आणि त्या खऱ्या नाहीत हेही त्यांना पक्के ठाऊक असे. डोळ्यांकडून संदेश येणे थांबले, की दृष्टिबाह्यक आपणहून सक्रिय होते व अशी मूक चित्रे रचते. हे वेड नव्हे व बाधाही नव्हे. तसे समजले जाईल या भीतीने अनेक वृद्ध ही गोष्ट कोणाला सांगत नाहीत.

मुलांतील मेंदूजन्य दृष्टिदोषही असाच दुर्लक्षित राहतो. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडलेल्या किंवा अकाली जन्मलेल्या मुलांत डोळे तपासणीत निर्दोष आढळतात. पण गर्दीतून वस्तू शोधणे, भरगच्च पानावरील चित्र ओळखणे, पायऱ्या उतरणे त्यांना जमत नाही. एके दिवशी दिसते, दुसऱ्या दिवशी दिसत नाही, असे वाटत असल्यामुळे त्यांना हट्टी किंवा मंदबुद्धी ठरविले जाते. साध्या पार्श्वभूमीवर एका वेळी एकच वस्तू ठेवणे, ती हलवून दाखविणे आणि पाहण्यास पुरेसा वेळ देणे या साध्या गोष्टींनी अशा मुलांत पुष्कळ फरक पडतो.

अंधांचे दृष्टिबाह्यक व कृत्रिम साधने : जन्मांधांच्या मेंदूतील दृष्टिबाह्यक रिकामे पडून राहत नाही. ब्रेल लिपी बोटांनी वाचताना ते सक्रिय होते, असे १९९६ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून आढळले. हे केवळ योगायोगाने घडत नाही, याचा पुरावा २००० मध्ये नोंदलेल्या एका घटनेने दिला : जन्मांध व ब्रेलवाचनात तरबेज असलेल्या एका स्त्रीच्या दोन्ही पश्चकपाल खंडांना रक्तपुरवठा खंडित झाल्यामुळे इजा झाली आणि बोटांची स्पर्शसंवेदना शाबूत असूनही तिला ब्रेल वाचता येईना. स्पर्शाचा असा उपयोग उलट दिशेने करण्याचा प्रयत्न पॉल बाक-इ-रिटा यांनी १९६९ मध्ये केला. कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य खुर्चीच्या पाठीवरील ४०० कंपकांद्वारे अंध व्यक्तीच्या पाठीवर उमटविले जाई. कॅमेरा स्वतः हलविण्याची मुभा मिळाल्यावर काही तासांच्या सरावाने वस्तू पाठीवर नव्हे तर समोर असल्याचे जाणवू लागे. [→ ब्रेल लिपी].

जालपटल निकामी झालेल्यांसाठी मेंदूलाच थेट विद्युत् चेतना देण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न जाइल्स ब्रिंडली व वॉल्पोल ल्यूइन यांनी १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये केला. एका अंध स्त्रीच्या दृष्टिबाह्यकावर त्यांनी ८० विद्युत् अग्रे बसविली. त्यांतील अनेकांना चेतना देताच तिला आकाशात तारा चमकावा तसा प्रकाशबिंदू दिसे. जालपटलावर बसवावयाचे एक साधन २०१३ मध्ये अमेरिकेत संमत झाले होते; त्याचे उत्पादन २०१९ मध्ये थांबल्यामुळे ते बसविलेल्या लोकांची दुरुस्तीवाचून अडचण झाली. जालपटलाच्या एका आनुवंशिक विकारावरील जनुकीय उपचाराला तेथेच २०१७ मध्ये मान्यता मिळाली व तो प्रचारात आहे. स्पेनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १६ वर्षांपासून अंध असलेल्या एका स्त्रीच्या दृष्टिबाह्यकात ९६ सूक्ष्म अग्रे खोवण्यात आली. तिला साधे आकार व काही अक्षरे ओळखता आली. सहा महिन्यांनंतर, ठरल्याप्रमाणे, ती अग्रे काढून घेण्यात आली.